कॅरम: सोंगटी स्ट्रायकरपेक्षा जोरात कशी सुटते?

वर्तकनगरची_आई
मुलगा नववीत, स्टेट बोर्ड, सायन्सला पहिलाच धडा गतीचे नियम चालू आहे. काल सोसायटीच्या हॉलमध्ये कॅरम खेळताना म्हणाला आई, स्ट्रायकर लागला की सोंगटी स्ट्रायकरपेक्षा जास्त स्पीडने सुटते, मग हा जास्तीचा वेग आला कुठून, ऊर्जा नवीन तयार झाली का? मी कॉमर्सवाली. कोणी नीट समजावेल का, नुसतं सूत्र नको.

ऐरोली_से१०
ताई, पोराने एकदम बरोबर पकडलंय. नवीन काही तयार होत नाही, सोंगटी हलकी आहे म्हणून वेग जास्त दिसतो. स्ट्रायकर 15 ग्रॅम, सोंगटी 5 ग्रॅम धरा आणि स्ट्रायकर सेकंदाला 1 मीटरने आला. अगदी सरळ बसला आणि ऊर्जा वाया गेली नाही तर सोंगटी 1.5 ने सुटते आणि स्ट्रायकर 0.5 ने तिच्यामागे जात राहतो. आता संवेग (वस्तुमान गुणिले वेग) बघा, आधी 15, नंतर 7.5 अधिक 7.5, परत 15. गतिज ऊर्जा (अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) आधी 7.5, नंतर 5.625 अधिक 1.875, परत 7.5. त्याला स्वतः मांडू दे हे, मजा येईल.

घणसोलीकर
बोर्डवर 1.5 पूर्ण येणार नाही हां, टक्करीत थोडी ऊर्जा आवाजात, उष्णतेत जाते. संवेग मात्र त्या क्षणी तेवढाच राहतो, कारण स्ट्रायकर सोंगटीला जेवढ्या जोरात ढकलतो तेवढ्याच जोरात आणि तेवढाच वेळ सोंगटी त्याला उलट ढकलते. आता पावडर टाकून सोंगटीवर सोंगटी सरळ मारून बघा.

वर्तकनगरची_आई
मारली! पहिली जवळजवळ जागेवर थांबते, दुसरी निघून जाते. पण आता तो विचारतोय दोघी अर्ध्या अर्ध्या स्पीडने का नाही गेल्या, संवेग तर तेव्हाही तेवढाच भरला असता ना?

ऐरोली_से१०
वा, हाच खरा प्रश्न! संवेग भरतो, पण ऊर्जा मोजा, बरोब्बर अर्धी गायब होते. दोघींच्या मध्ये च्युइंगम लावून चिकटवल्या तर तसंच होईल, ती अर्धी ऊर्जा च्युइंगम दाबण्यात जाईल. कडक सोंगट्या एवढी ऊर्जा खात नाहीत म्हणून एक थांबते आणि दुसरी जाते. नुसत्या संवेगावरून उत्तर मिळतच नाही, दोन्ही लागतात. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने 1669 मध्ये टकरीचे नियम छापले त्यात हेच होतं, की अशा टकरीत वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याची बेरीज बदलत नाही.

आणि सोंगटीवर सोंगटी तिरकी मारली की दोघी साधारण काटकोनात फुटतात तेही दाखवा. संवेगाला दिशा असते म्हणून तिन्ही वेगांचा (पहिलीचा टकरीआधीचा आणि दोघींचे नंतरचे) त्रिकोण होतो, आणि ऊर्जा सांगते की दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाएवढी. पायथागोरस त्याला येत असणारच, पुढचं तो स्वतः काढेल.