शब्दचर्चा : फिरंगी आणि फरासीस

प्रश्न : आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात टोपीकरांमध्ये (म्हणजे युरोपीयांमध्ये) फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन) अशी नावं येतात. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. पण हा शब्द ‘फ्रँक’ या पश्चिम युरोपातल्या जुन्या जर्मानिक लोकांच्या नावावरून आला असेल, तर फ्रेंचांना सोडून पोर्तुगीजांना कसा चिकटला?

प्रतिसाद : दोन्ही शब्द फ्रँकांचेच, वाटा वेगळ्या. फरासीस फ्रान्सच्या नावावरून आला. फिरंगी अरबी ‘इफ्रंज’, फारसी ‘फरंग’ असा फिरत आला. पोर्तुगीज 1498 मध्ये समुद्रमार्गे आले तेव्हा पश्चिमेच्या गोऱ्यांसाठी हे नाव तयारच होतं. बाकीचे मागून आले, त्यांना वेगळी नावं मिळाली.

प्रतिसाद : म्हणजे फ्रँकांचा राजा शार्लमेन याची पुण्याई! इ.स. 800 च्या नाताळात पोपने त्याला रोममध्ये सम्राट केलं. बार्सिलोनापासून एल्ब नदीपर्यंत राज्य. बगदादचा खलिफा हारून अल रशीद याने त्याला हत्ती पाठवला, तो 802 मध्ये त्याच्या राजधानीत, आखेनला पोचला.

प्रतिसाद : हत्ती खरा, पण त्याची नोंद फ्रँकांच्या बखरींत, अरबी ग्रंथांत या वकिलाती सापडत नाहीत. पूर्वेकडे हे नाव घट्ट बसलं ते 1096 नंतरच्या क्रुसेडांत (ख्रिस्ती धर्मयुद्धांत). तोवर शार्लमेनचं साम्राज्य केव्हाच मोडलं होतं.

प्रतिसाद : मोडलं कशाने? व्हायकिंगांनी?

प्रतिसाद : त्यांनी 845 मध्ये पॅरिस लुटलं खरं, पण मूळ दुखणं भाऊबंदकीचं. राज्य मुलांत वाटायचं ही फ्रँकांची जुनी रीत. शार्लमेननेही 806 मध्ये तिघांत वाटणी ठरवली होती. दोघे त्याच्याआधी वारले म्हणून 814 मध्ये सगळं एकट्या लुईला मिळालं. एकसंध साम्राज्य टिकलं ते असं, योगायोगाने! लुईला दुसऱ्या बायकोपासून मुलगा झाला, त्याला वाटा द्यायचा म्हटल्यावर थोरले बापावरच उलटले. बाप गेल्यावर भाऊ 841 मध्ये फाँतनॉयला लढले आणि 843 मध्ये व्हर्दनच्या तहाने तीन तुकडे झाले. मधला थोरल्या लोथारचा, ‘लोरेन’ हे नाव मात्र त्याच्याच नावाच्या मुलावरून, दुसऱ्या लोथारवरून. पुढे शार्लमेनचा पणतू जाड्या चार्ल्स याच्या हाती बहुतेक सगळं पुन्हा आलं, पण 887 मध्ये त्यालाही पदच्युत केलं. नाव मात्र दोन्हीकडे उरलं : पश्चिमेला फ्रान्स, जर्मनीत फ्रँकफुर्ट.

प्रश्नकर्ता : मग ‘फिरंग’ तलवार?

प्रतिसाद : तीही यातलीच. पातं युरोपी, म्हणून फिरंग. अर्थ लावताना काळ बघा : आज कुठलाही गोरा फिरंगी असतो, मराठ्यांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेच्या कागदांत मात्र पोर्तुगीजच समजायचं.