अनुदान सरकारचं, मग अर्ध्या जागा एका धर्माला का?

कोथरूडकरीण:

अकरावीचा गोंधळ आमच्यापुरता संपलाय, म्हणून आता शांतपणे लिहिते. लेकीला दहावीला ९१ टक्के. तिला कॉमर्सला कॅम्पातलं एक छोटं ख्रिश्चन कॉलेज हवं होतं. कारणं तिचीच. तिथे तास खरोखर होतात, लायब्ररीत बसायला जागा मिळते आणि एका वर्गात गावभरची पोरं कोंबत नाहीत. ‘नावाला कॉलेज, कामाला क्लास’ हा प्रकार तिला नको होता. मलाही नको होता.

पहिल्या फेरीत अनुदानित तुकडी थोडक्यात हुकली. ऑफिसात चौकशी केली तेव्हा हिशोब कळला. शंभरातल्या ५० जागा अल्पसंख्याक कोट्याच्या, १० इनहाउस (संस्थेच्याच शाळेतल्या मुलांसाठी), ५ व्यवस्थापनाच्या. उरलेल्या ३५ जागांवर बाकीच्या अख्ख्या पुण्याने धक्काबुक्की करायची. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन आले होते. मुलाला ६२ टक्के. त्याचं काम दहा मिनिटांत झालं. मला मात्र क्लार्कबाईंनी हळूच सुचवलं, की विनाअनुदानित तुकडीत मॅनेजमेंटमधून बघता येईल, सरांशी बिल्डिंग फंडाचं, म्हणजे देणगीचं, बोलून घ्या.

माझं म्हणणं एवढंच. विनाअनुदानित चालवा आणि हव्या त्याला घ्या, मी चकार शब्द काढणार नाही. पण शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येत असेल, तर त्या तुकडीत धर्म विचारायचा नाही, मार्क विचारायचे.

चहा_बिस्किट:

१८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून याच पुण्यात ग्रामण्य, म्हणजे धर्म बाटला म्हणून बहिष्काराचा खटला, झालं होतं. भल्याभल्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आता मिशनवाले आत घेत नाहीत म्हणून धागे निघतात. शहर पुढे गेलं म्हणायचं!

नाना_पेठ:

ताई, ते गृहस्थ मी नव्हे, पण असू शकलो असतो. माझ्याही मुलाला ६२ च आहेत.

तुम्ही ‘एका धर्माला अर्ध्या जागा’ म्हणता तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, शहरातल्या निम्म्या जागा आम्ही गिळल्या. २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिश्चन एक टक्काही भरत नाहीत. पुण्यात अकरावीची शेकडो कॉलेजं आहेत, त्यातली आमची किती? बोटांवर मोजा. शिवाय हा कोटा फक्त धर्माचा नाही. भाषिक अल्पसंख्याक म्हणून सिंधी, गुजराती संस्थांनाही तो असतो. तिथे कोणी धागा काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

आणि तुमच्या लेकीला हे कॉलेज का आवडलं, ते तुम्हीच लिहिलंय. तास होतात, वर्ग लहान असतात. हे आपोआप झालेलं नाही. मिशनऱ्यांनी, सिस्टर लोकांनी आणि आमच्या मास्तरांनी वर्षानुवर्षं खपून ते उभं केलं. ते आवडतं, फक्त ज्यांनी उभं केलं त्यांची पोरं तिथे नकोत.

भांडारकर_रोड:

नाना_पेठ, भावनिक होऊ नका. प्रश्न अनुदानाचा आहे. करदात्याचा पैसा घ्यायचा आणि दार अर्धंच उघडायचं, हे बसत नाही.

बाकी सेंट मीराजमध्येही हेच चालत असणार.

चहा_बिस्किट:

सेंट मीराज?! अहो, त्या मीराबाई. मेवाडच्या. साधू वासवानींनी १९६२ मध्ये काढलेलं कॉलेज आहे ते. ‘सेंट’ दिसलं की क्रूस शोधायचा, ही पुणेकरांची जुनी खोड.

काळा_कोट:

कायदा थोडक्यात सांगतो, कारण धागा नेहमीच्या वळणावर चाललाय.

कलम ३०(१): अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. कलम ३०(२): संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदान देताना सरकारने भेदभाव करायचा नाही. म्हणजे अनुदान घेतलं की हक्क गेला, असं घटनेत नाही.

पण धागाकर्तीचं म्हणणंही अगदीच हवेतलं नाही. कलम २९(२) म्हणतं, की सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म किंवा जातीच्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. या दोन कलमांची सांगड घालताना सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सेंट स्टीफन्सच्या खटल्यात ५० टक्क्यांची रेघ ओढली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात ११ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, की असा ठोक आकडा नको, संस्था कोणत्या प्रकारची आणि तिथली गरज काय हे बघून राज्याने प्रमाण ठरवावं. म्हणजे आपल्याकडचे ५० टक्के काही दगडावरची रेघ नव्हे. ते कमी करा अशी मागणी करता येते. शून्य करा म्हणाल, तर कोर्टात टिकणार नाही.

कोथरूडकरीण:

काळा_कोट, आभार. मग मी कमी करा म्हणते. एक टक्का समाजासाठी पन्नास टक्के, याला कुठली ‘गरज’ म्हणायची?

नाना_पेठ, तुमच्या मुलावर माझा राग नाही. पण लेकीला रडताना बघितलंय, त्यामुळे तटस्थ असल्याचं सोंग मला जमणार नाही.

येरवडा_एक्सप्रेस:

सगळे ९१ विरुद्ध ६२ यातच अडकलेत. या चित्रात जो नाहीच, त्याचं बोलतो.

मी अशाच एका कॉलेजात पाच वर्षं काढली, अकरावी ते पदवी. आमच्या वर्गात माझ्या वस्तीतला मी एकटा. कारण साधं आहे. या कॉलेजांना एससी, एसटी, ओबीसी आरक्षण लागू नाही. २००५ च्या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं, की विनाअनुदानित संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही. त्या खटल्यातले इनामदार म्हणजे आपल्या आझम कॅम्पसचे पी. ए. इनामदार. त्यावर उतारा म्हणून ९३वी घटनादुरुस्ती आली, कलम १५(५) आलं. पण त्यातून अल्पसंख्याक संस्था वगळल्या, अनुदानित असोत वा नसोत. २०२५ मध्ये राज्य सरकारने अकरावीला या संस्थांतल्या उरलेल्या जागांवर आरक्षण लावायचा प्रयत्न केला. जूनमध्ये हायकोर्टाने स्थगिती दिली.

म्हणजे कोथरूडच्या ९१ ला ३५ जागांत भांडायला तरी मिळतं. येरवड्याच्या ६८ ला कोट्यात जागा नाही, खुल्यात नंबर लागत नाही आणि बिल्डिंग फंड बापाच्या ऐपतीत नाही. ताई, ‘मार्क विचारा’ म्हणता तेव्हा तुमच्याही यादीत तो नसतोच.

भांडारकर_रोड:

झालं! प्रत्येक धागा शेवटी आरक्षणावर येतो.

येरवडा_एक्सप्रेस:

धागा आरक्षणावरच आहे, साहेब. पहिल्या ओळीपासून. फक्त आमच्या नाही.

नाना_पेठ:

येरवडा_एक्सप्रेस, तुमचा मुद्दा मला पटतो, पण आमच्यातली मेख ऐका. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. आडनावं तुमच्याकडची आणि आमच्याकडची सारखीच. आजोबांचा बाप्तिस्मा झाला, घराला क्रूस लागला. गावाने मात्र पाणवठा काही बदलून दिला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. आम्ही अजून बाहेरच. त्यामुळे आमच्या पोरांना हा कोटा म्हणजे चैन नाही. ५० टक्के आहेत ते याचसाठी.

श्रीरामपूरची:

नाना पेठेच्या काकांना विचारायचंय, त्या कोट्यात आपली मराठी पोरं असतात किती?

मी कोट्यातूनच आले. दहावीला ६४, मराठी माध्यम. घरच्यांनी पाळकसाहेबांचं पत्र आणलं होतं, मंडळीच्या शिक्क्यासकट. खिडकीवरच्या मॅडमनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “पॅरिश कोणती? फादरचं लेटर नाही?” आम्ही प्रोटेस्टंट, कॉलेज कॅथलिक. बाबांना काय उत्तर द्यावं ते सुचेना. शेवटी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म ‘ख्रिश्चन’ लिहिलेलं होतं, त्यावर भागलं. आधी आपल्या पंथाचे, मग उरल्या तर बाकीचे ख्रिश्चन, असं तोंडावर कोणी म्हणत नाही. पण खिडकीवर उभं राहिलं की कळतं. वर्गात कोट्यातली बहुतेक मुलं कॅम्प, वानवडीच्या कॉन्व्हेंटमधून आलेली, घरी इंग्रजी किंवा कोकणी बोलणारी. शनिवारी घरून डबा आला आणि मी पिठलं-भाकरी काढली, की आधी सगळे बघायचे, मग सगळे हात घालायचे.

होस्टेलचं सांगते, कारण कॉलेजचं जीवन म्हणजे आमच्यासाठी तेच होतं. संध्याकाळी सातला फाटक बंद. साडेसातला हजेरी. आठ ते दहा स्टडी अवर, तेवढा वेळ मोबाइल सिस्टरच्या टेबलावर एका पत्र्याच्या ट्रेमध्ये, प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी चिकटवून. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रोडवर जाऊन बघायची परवानगी एकदाही मिळाली नाही. पुरुषोत्तम करंडकाला आमच्या कॉलेजची एकांकिका उतरवायचं काही जणांच्या डोक्यात आलं होतं. तालमी रात्रीच होणार, आणि चांगलं काम करणाऱ्या तिघी होस्टेलच्या. विषय संपला. स्पर्धा बघायला भरत नाट्यला आम्ही प्रेक्षक म्हणूनसुद्धा दिवसाच्याच सत्राला जायचो.

पण मला टायफॉइड झाला तेव्हा दोन रात्री उशाशी बसल्या त्याही त्याच सिस्टर. आणि मॅट्रनने अकाउंट्सच्या सरांना गाठून माझ्यासाठी मराठीतून जादा तास लावून घेतले, फुकट. तेव्हा नुसत्या शिव्या द्यायला जीभ वळत नाही.

भांडारकर_रोड:

आणि प्रार्थना? बायबल? ते सांगा की. मुली तिथे काय होऊन बाहेर पडतात, तेही कळू द्या.

श्रीरामपूरची:

बी.कॉम. होऊन.

काळा_कोट:

भांडारकर_रोड यांच्या माहितीसाठी: कलम २८(३). सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी सज्ञान नसेल तर पालकांची संमती लागते. फॉर्मवर सही करताना वाचा, बहुतेकांनी ती दिलेली असते.

खडू_फळा:

अशाच एका कॉलेजात अकाउंटन्सी शिकवून निवृत्त झालो. मी देशस्थ ब्राह्मण, हे सांगावं लागतंय कारण कोणीतरी विचारणारच. सकाळच्या असेंब्लीत एक भजन, एक प्रार्थना, पाच मिनिटांत वर्गात. आम्हाला कोणी काही केलं नाही. उलट ७५ टक्के हजेरीचा नियम तिथे जितका कडक पाळला जायचा, तेवढा मी दुसरीकडे पाहिला नाही. ट्रस्टींच्या पुतण्याला परीक्षेला बसू दिलं नव्हतं. प्राचार्य फादर होते, रागीट होते, स्वच्छ होते.

धागाकर्तीसाठी कामाच्या दोन गोष्टी. एक, कोटा बहुतेक वेळा भरत नाही. रिकाम्या जागा प्रत्यार्पित होतात, म्हणजे कॉलेज त्या परत करतं, आणि पुढच्या फेऱ्यांत सगळ्यांसाठी खुल्या होतात. आमच्याकडे तर तिसऱ्या फेरीपर्यंत हे चालायचं. ५० म्हणजे ५० आत बसले, असं समजू नका. दुसरं, बिल्डिंग फंड. राज्यात १९८७ पासून कॅपिटेशन फीविरोधी, म्हणजे प्रवेशासाठी देणगी घेण्याविरुद्धचा, कायदा आहे. पुढच्या वेळी कोणी असं सुचवलं, तर फक्त म्हणा, “पावती कोणत्या नावाने मिळेल?” आवाज खाली येतो.

कोथरूडकरीण:

सर, प्रत्यार्पण नंतर कळलं. पहिल्या फेरीत दुसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळत होतं, ते सोडून थांबायची छाती झाली नाही. ज्यांच्या ओळखी आतल्या असतात त्यांनाच माहीत असतं, कुठे थांबलं तर जागा सुटणार आहेत. माझा सगळ्यात मोठा आक्षेप आता तोच आहे.

श्रीरामपूरचीला मनापासून सांगते, तुझ्या जागेबद्दल माझी तक्रार नाही. पण मग कॉलेजने यादी लावावी ना! कोट्यात कोणाला किती गुणांवर घेतलं, शाळा कोणती, माध्यम कोणतं, किती जागा सुटल्या. सरकारी पगार घेता तर फळ्यावर लावा, फाटकाबाहेर. नगरची मराठी पोरं त्यात दिसली तर मी गप्प बसेन.

येरवडा_एक्सप्रेस:

+१. आणि विनाअनुदानित तुकडीचीही. तिथेच तर खरी गंमत आहे.

भांडारकर_रोड:

यादीने काय होणार? कोटाच काढा.

नाना_पेठ:

कोटा काढायला माझा ठाम विरोध, आणि तो राहणार. यादीला हरकत नाही. श्रीरामपूरची म्हणते ते खरं असेल, तर ती यादी बघायची घाई आम्हालाच जास्त आहे. पण नावं नकोत. बैठक क्रमांक लावा. आमच्या पोराचे ६२ टक्के क्वार्टर गेटपासून रास्ता पेठेपर्यंत सगळ्यांनी का वाचायचे?

कोथरूडकरीण:

बैठक क्रमांक चालतील. बिल्डिंग फंडवाल्यांचेही.