चिखलदऱ्याहून आलेल्या कॉफीचं काय करायचं?

अश्विनी (बी-३०२): नमस्कार मंडळी. आमच्या अमरावतीच्या मावशीने चिखलदऱ्याच्या ओळखीच्या बागेतली कॉफी पाठवली आहे. पावडर नाही, अख्खी वाळलेली फळं आहेत. काळपट तपकिरी, दोनेक किलो. हातात घेऊन हलवली की आत बी खुळखुळते. याचं पुढे काय करायचं, कोणाला माहीत आहे का?

रोहन (बी-५०३): महाराष्ट्रात कॉफी होते?

देशपांडे काका (ए-१०२): होते ना. चिखलदरा मेळघाटात, उंची अकराशे मीटरच्या आसपास, हवा थंड. इंग्रजांच्या काळापासून तिथे कॉफीच्या बागा आहेत. आपल्या राज्यात कॉफी म्हटलं की चिखलदराच.

मीनल (सी-६०४): अश्विनी, काय सुरेख भेट आली आहे तुला! बी खुळखुळते म्हणजे फळ चांगलं वाळलंय. आधी दोन-चार फळं फोडून वास घे. कुबट वास आला किंवा पांढरट बुरशी दिसली तर तेवढी सरळ फेकून दे. तो दोष भाजून जात नाही आणि अशी बी पोटात जाऊ नये.

बी चांगली निघाली तर साल काढायला घे. मिक्सर वापरू नकोस, पात्यांनी बियांचे तुकडे होतात आणि भाजताना तुकडे आधी जळतात. खलबत्त्यात मूठ-मूठ फळं घे आणि हलक्या हाताने ठेच. कुटायचं नाही, फक्त साल तडकली पाहिजे. मग सुपात पाखड. एका फळात दोन बिया, सपाट बाजूने एकमेकींना चिकटलेल्या. त्यांच्यावर पातळ चंदेरी पापुद्रा राहील, तो खरवडत बसू नकोस, भाजताना आपोआप सुटतो. दोन किलो फळांतून साधारण किलोभर बी निघेल.

अश्विनी (बी-३०२): खलबत्ता आहे, सूप सासूबाईंकडे आहे. शनिवारी बसतेच. मीनलताई, तुम्ही नेहमी घरीच भाजता का?

मीनल (सी-६०४): हो, आता विकतची भाजलेली कॉफी आमच्याकडे येतच नाही. कच्ची बी कोरड्या जागी ठेवली तर सहा महिने, अगदी वर्षभरही चांगली राहते. भाजल्यावर मात्र दोन-तीन आठवड्यांत वास उतरायला लागतो आणि दळली की काही दिवसांतच. म्हणून साठवायची ती कच्ची आणि भाजायची आठवड्यापुरती. चवीतला सगळा फरक तिथे आहे. यंत्रं महाग आणायची काही गरज नाही.

श्रीधर (ए-७०१): मीनलताई अगदी बरोबर बोलल्या. माझं बालपण चिक्कमगळुरूकडचं. अश्विनी, तुमच्याकडे आलेल्या पद्धतीला आमच्याकडे 'चेरी' म्हणतात. फळ तोडायचं आणि अख्खंच उन्हात वाळवायचं. अंगणभर पसरलेली लाल फळं दिवसातून कितीतरी वेळा फावड्याने वरखाली करावी लागतात, नाहीतर खालच्या थराला बुरशी धरते. संध्याकाळी ढीग करून झाकायचं, सकाळी पुन्हा पसरायचं. दोन-तीन आठवडे हे चालतं. गराची गोडी बीजवळ राहते, त्यामुळे अशी कॉफी जरा फळकट, भारी लागते.

दुसरी पद्धत धुतलेल्या कॉफीची. फळ तोडलं त्याच दिवशी यंत्रावर साल काढतात. बीवर बुळबुळीत गर राहतो, तो टाक्यांत आंबवून सैल करतात, धुतात आणि मग वाळवतात. आंबायला किती वेळ द्यायचा ते त्या दिवसाच्या हवेवर ठरतं. टाकीत हात घालून बिया चोळून बघायच्या. बुळबुळ गेली आणि बी हाताला खरखरीत लागली की लगेच पाणी सोडायचं. उशीर झाला तर आंबूस वास कायमचा बसतो. माझे आजोबा यासाठी रात्री उठून टाकीवर जायचे. ही कॉफी कपात स्वच्छ लागते, किंचित आंबटसर.

रोहन (बी-५०३): श्रीधरकाका, हे भारी आहे. मला कच्च्या बिया ऑनलाइन मागवायच्या आहेत, पण नावं कळत नाहीत. प्लँटेशन ए, पीबी, चेरी एबी, पार्चमेंट. काय घेऊ?

श्रीधर (ए-७०१): कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. 'प्लँटेशन' म्हणजे धुतलेली अरेबिका. 'पार्चमेंट' म्हणजे धुतलेली रोबस्टा. 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली, मग ती अरेबिका असो की रोबस्टा. पुढचं अक्षर दाण्याच्या आकाराचं: एए सर्वांत मोठा, मग ए, बी, सी. आकारावरून चव ठरत नाही, पण सगळे दाणे सारखे असले की सारखे भाजले जातात. त्यासाठी अक्षर बघायचं.

पीबी म्हणजे पीबेरी. काही फळांत दोनाऐवजी एकच बी धरते, ती गोल होते. नवशिक्याने पीबीच घ्यावी. गोल असल्यामुळे कढईत छान फिरते, एका बाजूने करपत नाही.

मीनल (सी-६०४): आणि रोहन, विकणाऱ्याला दोन गोष्टी नक्की विचार. कुठल्या बागेची आणि कुठल्या हंगामाची. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारीत होते, साफ होऊन माल मार्च-एप्रिलपासून बाजारात येतो. हंगाम सांगता येत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नकोस. ताजी कच्ची बी निळसर हिरवी दिसते, जुनी झाली की फिकट पिवळट पडते आणि कपात लाकडासारखी लागते. फक्त मॉन्सून्ड मलबार याला अपवाद.

रोहन (बी-५०३): ती काय असते?

श्रीधर (ए-७०१): पूर्वी मलबारची कॉफी शिडाच्या जहाजांतून युरोपला जायची. महिनोन्‌महिने समुद्राची दमट हवा लागून बी फुगायची, पिवळी पडायची, तिचा आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. वाफेची जहाजं आली, प्रवास लवकर व्हायला लागला आणि ती चव गेली. म्हणून जून ते सप्टेंबर मंगळूरच्या बाजूला गोदामांत बी पसरून मुद्दाम पावसाळी वारा देतात. ती पिवळीच असायला हवी. दुधाच्या कॉफीला उत्तम, पण भाजायला नाजूक. सुरुवात तिच्यापासून नको.

अश्विनी (बी-३०२): आता भाजायचं सांगा ना मीनलताई.

मीनल (सी-६०४): लिहिते सविस्तर. जाड लोखंडी कढई घे. नॉनस्टिक अजिबात नको, इतक्या उष्णतेला त्याचा थर खराब होतो आणि धूर विषारी असतो. एका वेळी दीडशे ग्रॅमच बी. कढई आधी मध्यम आचेवर चांगली तापव, मग बी टाक आणि तिथून हात थांबवायचा नाही. शेंगदाणे भाजताना मध्येच फोन उचलता येतो, इथे नाही.

पहिली चार-पाच मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल. आतलं पाणी निघत असतं. हिरवा रंग फिकट होतो, मग पिवळा, वाळल्या गवताचा वास येतो. पुढे दालचिनीचा रंग येतो, पापुद्रे सुटून उडायला लागतात आणि भाजक्या पावाचा वास सुटतो. आठ-दहा मिनिटांच्या सुमाराला टचकन आवाज येईल. एक, मग दोन, मग लाह्या फुटाव्यात तसे एकामागून एक. हा फर्स्ट क्रॅक. बीचं तापमान तेव्हा १९५ अंशांच्या आसपास असतं. आतली वाफ आणि वायू बी फोडून बाहेर येतात, बी फुगून मोठी होते. इथून पुढची कॉफी पिण्याजोगी.

काळी कॉफी पीत असाल तर आवाज ओसरल्यावर मिनिटभरात उतरव. दूध घालून पीत असाल तर थोडं पुढे ने. थोड्या शांततेनंतर दुसरा आवाज सुरू होतो, बारीक आणि भरभर. तो ऐकू आला की गॅस बंद. त्यानंतर बीवर तेल येतं आणि कुठल्या बागेची बी होती ते चवीला कळतच नाही, नुसता कडूपणा.

रंगावर विसंबू नकोस, पिवळ्या बल्बखाली रंग फसवतो. कान आणि नाक उघडं ठेव.

अश्विनी (बी-३०२): म्हणजे एक्झॉस्ट बंद ठेवू? आवाज कळणार नाही.

मीनल (सी-६०४): नाही नाही, चालूच ठेव आणि खिडकीही उघडी. शेवटी धूर बराच होतो आणि तो कोंडला तर बरा नाही. आवाज मोठा असतो, कळतो. गॅस बंद केल्यावरही बी आतल्या आत भाजत राहते, म्हणून लगेच चाळणीत ओतायची आणि पंख्याखाली हलवत राहायची. तीन-चार मिनिटांत हाताला गार लागली पाहिजे. दीडशे ग्रॅमचे १२५-१३० ग्रॅम उरतात.

लगेच दळू नकोस, बी वायू सोडत असते. एक रात्र तरी झाकण सैल ठेवून बरणीत राहू दे. चव तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्वांत चांगली लागते.

सावंत (सेक्रेटरी, सी-२०१): सर्वांना एक विनंती. भाजायला काहीच हरकत नाही. पण फोलपटं फार हलकी असतात, गॅलरीत पाखडली तर खालच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येतात, मागे एकदा तक्रार आली होती. गच्चीची किल्ली माझ्याकडून न्या आणि वरच पाखडा. भाजण्याचा धूर दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान झाला तर कोणाला त्रास होणार नाही.

मीनल (सी-६०४): मान्य आहे सावंतसाहेब. फोलपटं आणि वापरलेला चोथा खताच्या पिंपात टाकता येतो, माळीकाकांना तो हवाच असतो. आणि अश्विनी, शेगडीवर पडलेली फोलपटं दर वेळी पुसून काढ, ती पटकन पेटतात.

देशपांडे काका (ए-१०२): मीनल, तू मागच्या महिन्यात दिलेली कॉफी वासाला अप्रतिम होती, पण मला पातळ वाटली. माटुंग्याला असताना आम्ही समोर दळून आणायचो, ती कशी दाट उतरायची.

मीनल (सी-६०४): काका, त्यात चिकोरी असणार. ते एका झाडाचं भाजलेलं मूळ, कॉफी नव्हे. त्याने रंग आणि दाटपणा येतो. नियमाने मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के लागते आणि प्रमाण पुडीवर छापावं लागतं. म्हणजे उरलेली ४९ टक्के चिकोरी असू शकते, आणि पैसे आपण कॉफी म्हणून मोजतो. तुम्हाला दाट हवी तर मी तुमच्यासाठी दोन भाग अरेबिका पीबी आणि एक भाग रोबस्टा अशी भाजून देते. दोन्ही वेगवेगळ्या भाजायच्या आणि मग मिसळायच्या, कारण दोघींना लागणारा वेळ सारखा नसतो. रोबस्टाने अंग येतं. फक्त संध्याकाळी उशिरा पिऊ नका, तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट असतं.

देशपांडे काका (ए-१०२): बरं, आणि जायफळ? आमच्या घरी जायफळाशिवाय कॉफी होत नसे. ताज्या कॉफीत घातलं तर चालेल का?

मीनल (सी-६०४): जरूर घाला काका. आपल्या घरांतली कॉफी तीच. मीही आईच्या पद्धतीची करते तेव्हा घालतेच. दुधात उकळू मात्र नका, कडवट होतं. कप भरल्यावर वरून किसणीवर दोनदा फिरवा, पुरे.

श्रीधर (ए-७०१): चिखलदऱ्याची कॉफी मी अजून चाखलेली नाही. अश्विनी, भाजाल तेव्हा मला बोलवा. पहिला घाणा बिनदुधाचा करून बघू, म्हणजे तिची स्वतःची चव कळेल.

अश्विनी (बी-३०२): नक्की या काका. शनिवारी साल काढते, रविवारी अकराला भाजू. मीनलताई, तुम्हीही हव्यात. मावशीला व्हिडिओ पाठवायचा आहे, तिने इतकी वर्षं फळं बघितली पण त्यांची कॉफी घरी कधी केली नाही.

रोहन (बी-५०३): मी यंदाच्या हंगामाची पीबी मागवतोय, पाच किलो घेतली तर स्वस्त पडते. कोणाला हवी का? आणि पावसाळा येतोय, ठेवायची कशी?

मीनल (सी-६०४): मला दोन किलो. हवाबंद डब्यात, ओट्यापासून आणि खिडकीपासून लांब. फ्रिजमध्ये नको, आत-बाहेर करताना पाणी सुटतं.

सावंत (सेक्रेटरी, सी-२०१): अर्धा किलो मलाही. आमच्याकडे चाळण प्लॅस्टिकची आहे, चालेल?

मीनल (सी-६०४): नाही, स्टीलचीच घ्या. कढईतून निघते तेव्हा बी दोनशे अंशांच्या वर असते, प्लॅस्टिक वितळेल. माझ्याकडे दोन आहेत, एक रविवारी खाली आणते.