लहान मुलाची पुढची कातडी मागे जात नाही, सफाई कशी करायची?

प्रश्न
मुलाचं वय २ वर्षं. आंघोळीच्या वेळी शूच्या जागेची कातडी मागे करून आतून धुवायची असते का? कातडीखाली पांढरट गाठ दिसते. शू करताना कातडी फुग्यासारखी फुगते, पण दुखत नाही आणि धार नीट येते.

उत्तर १
मागे करायची नाही. जन्मतः ती आतल्या टोकाला चिकटलेलीच असते, नख खालच्या त्वचेला असतं तशी. काहींची ३-४ वर्षांत सुटते, काहींची थेट वयात येताना. तोवर बाहेरून कोमट पाणी आणि टिपून कोरडं करणं, बस. आत साबण, जंतुनाशक, कापसाची काडी काही नको. साबणानेच आग आणि लाली येते.
गाठ म्हणजे झडलेल्या पेशी, पू नव्हे. पिळू नका, कातडी सुटली की आपोआप बाहेर येते. फुगणं म्हणजे आतून कातडी सुटतेय, तोंड मात्र अजून अरुंद आहे. धार चांगली असेल तर चालतं.

उत्तर २
‘रोज थोडी थोडी मागे ओढा’ असं सांगणारे घरातही भेटतात आणि दवाखान्यातही. ऐकू नका. ओढल्याने बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण होतो, कातडी आकसते आणि नसलेला फायमोसिस (कातडी घट्ट राहून मागे न जाण्याचा आजार) खरोखर होतो. त्याहून वाईट म्हणजे मागे गेलेली कातडी तिथेच अडकून टोक सुजणं. ती लगेच पुढे येत नसेल तर वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्या.

प्रश्नकर्ता
सुटल्यावर काय? आणि डॉक्टरांकडे नक्की कधी?

उत्तर १
सहज जाईल तेवढीच मागे, साध्या पाण्याने धुणं, टिपणं आणि परत पुढे आणणं. लोक विसरतात ते हे शेवटचंच. समज आली की मुलालाच शिकवा, त्याचा हात त्याला दुखेल तिथे आपसूक थांबतो.
लाली-सूज, पू, शू करताना रडणं, धार बारीक किंवा थेंबथेंब, कारण न कळणारा ताप (लघवी तपासावी लागते), टोकाशी पांढरं कडक कडं, किंवा आधी मागे जाणारी कातडी जायची थांबणं: यांपैकी काहीही दिसलं तर दाखवा. शू अजिबात होत नसेल तर त्याच दिवशी.

उत्तर ३
घट्टपणाचा त्रास असला तरी आधी बहुधा स्टेरॉइड मलम देतात, काही आठवडे, कातडीच्या अरुंद कड्यावर. ऑपरेशन नंतरचं. घरातलं जुनं मलम मनाने लावू नका. डायपरने बाहेर लाली आली असेल तर डायपर लवकर बदला, थोडा वेळ उघडं ठेवा, बाहेरून झिंक ऑक्साइड लावा.