ब्रिटनमध्ये मास्टर्सचा अर्ज: तुमचं घोडं कुठे अडलं?

भाची नाशकात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज, एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) असा तिहेरी बेत आहे. रँकिंगच्या याद्या तिच्याकडे ढिगाने आहेत, त्या नकोत. अर्ज करताना तुमचं घोडं नेमकं कुठे अडलं, तेवढं सांगा. नकार आलेल्यांनी तर आवर्जून लिहा.

सोलापूरकर:
शिफारसपत्रं! ऑक्सफर्डला माझ्या कोर्ससाठी तीन हवी होती. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही-शिक्का देतो." सर, तसं चालत नाही, तुमच्या कॉलेजच्या ईमेलवर लिंक येते, पत्र तुम्हीच टाकायचं, हे समजावण्यात आठवडा गेला. अंतिम मुदत ब्रिटनची दुपारी बारा, म्हणजे जानेवारीत आपली संध्याकाळी साडेपाच. चार वाजता मी स्टाफरूममध्ये हजर. लिंक स्पॅममध्ये सापडली. सर एका बोटाने टाइप करतायत. पत्र मी बघायचं नाही, म्हणून खिडकीकडे तोंड करून उभा. मागून आवाज, "अरे, डिलिजंटमध्ये एल किती?" पाच वाजून दहा मिनिटांनी सबमिट झालं. चहाचे पैसेही सरांनीच दिले.

चहाबाज:
माझं अडलं स्टेटमेंटपाशी, म्हणजे हाच कोर्स का करायचाय हे सांगणाऱ्या निवेदनापाशी. पहिला खर्डा सुरू होत होता "लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड आहे" असा. कुणाला असते हो? मैत्रिणीने तो परिच्छेदच खोडला आणि विचारलं, "कांद्यावर प्रोजेक्ट केलास ना, त्यात काय सापडलं?" मग तिथूनच सुरुवात केली: लासलगावला भाव पडला तरी पुण्यात किरकोळीला तो लगेच का उतरत नाही. एका ठिकाणी प्रवेश मिळाला, एका ठिकाणी नकार. तिसरीकडे मार्चपर्यंत रेंगाळलो, तोवर कोर्स भरला होता. एलएसईत बहुतेक कोर्सेसच्या जागा अर्ज येतील तशा भरत जातात, भाचीला सांगा.

लातूरची लेक:
राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेले. माझ्या हातात कंडिशनल ऑफर होती, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका दिल्यावर पक्की होणारी. शिष्यवृत्तीला बिनशर्त ऑफर हवी. आणि आमच्या विद्यापीठाचा निकाल काही लागेना. ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) तीन खेपा, एकदा तर लिफाफ्यावर शिक्का मारायला माणूसच जाग्यावर नाही. रांगेत उभी असताना बाबासाहेब आठवायचे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परतावं लागलं. 1920 मध्ये पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडचं कर्ज यांवर. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला डी.एस्सी. हे आठवलं की राग थोडा उतरायचा. सगळा नाही.

हिशेबनीस:
प्रवेश मिळाल्यावरचं सांगतो. व्हिसासाठी पैसे सलग 28 दिवस खात्यात दिसावे लागतात, मधे एक दिवसही शिल्लक खाली गेलेली चालत नाही. बाबांच्या खात्यातून 26व्या दिवशी विम्याचा हप्ता आपोआप कापला गेला. पुन्हा एकपासून मोजणी! खातं आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र लागतं. दाखला मराठीत असेल तर भाषांतर आधीच करून ठेवा. टीबीची तपासणी विसरू नका, ती ठरावीक केंद्रांतच होते.

धागाकर्ती:
सोलापूरकर, भाची विचारते, सरांचा कॉलेजचा ईमेलच नाहीये, फक्त जीमेल आहे. काय करू?

सोलापूरकर:
कॉलेजच्या कार्यालयात अर्ज द्यायला सांगा, आजच. आमच्या सरांना दोन दिवसांत मिळाला होता. पासवर्ड मात्र ते चौथ्या दिवशी विसरले.