नौदलाचं 6 मेगावॉट इंजिन: अभिमान नक्की कशाचा?

खडकीकर: 2 एप्रिल 2025 ला संरक्षण मंत्रालयाने आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला 6 मेगावॉटचं सागरी डिझेल इंजिन घडवायचं काम दिलं. खर्च 270 कोटी, त्यातले 70 टक्के सरकारचे. या ताकदीची इंजिनं आजवर बहुतेक परदेशी कंपन्यांचीच. मला तरी ही बातमी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली त्याहून मोठी वाटते.

पेठेतले नाना: मोठी कशाने? पैसा सरकारचा, नाव खाजगी उद्योगाचं. देशी भागांची अट किमान 50 टक्के. म्हणजे निम्मं बाहेरून आणलं तरी चालेल, वर पेढे वाटायचे! कामोर्ता वर्गाच्या युद्धनौकांची पिलस्टिक इंजिनंही किर्लोस्करांनीच बनवली, फ्रेंच परवान्यावर. नवीन काय?

खडकीकर: नाना, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटलं. परवान्यात बोल्ट कुठे बसवायचा ते कळतं, तो तिथेच का, हे कळत नाही. काही बदलायचं म्हटलं की मूळ मालकाचं दार ठोठवा. या वेळी डिझाइन आपलं, शिवाय 3 ते 10 मेगावॉटच्या इंजिनांचा तपशीलवार आराखडाही त्याच आदेशात आहे. टक्क्यांचं काय घेऊन बसलात? 'विक्रांत' 76 टक्के देशी, पण तिला ढकलणाऱ्या चार गॅस टर्बाइन अमेरिकी डिझाइनच्या. आणि सरकारने पैसे घालू नयेत तर कोणी? ट्रकसारखा खप थोडाच आहे!

भोसरी_लेथ: तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर भांडताय. मी एका मोठ्या कंपनीसाठी (नाव नको) नौदलाच्या पंपाचे सुटे भाग करतो. ऑर्डर चार नगांची. त्या चारांसाठी वेगळं फिक्स्चर (मशीनवर नग पक्का धरायची चौकट), मटेरियलचं सर्टिफिकेट, थर्ड पार्टी इन्स्पेक्शन. एक नग मायक्रॉनने (मिलिमीटरचा हजारावा भाग) चुकला, रिजेक्ट. बिल आठ महिने अडकलं. मुलगा म्हणतो, बाबा, गाड्यांचं काम बरं, दिवसाला हजार नग.

पेठेतले नाना: हे मात्र पटलं. 270 कोटींतले 81 कोटी कंपनी घालणार, बातमी तिची. लेथवाल्याचे आठ महिने कुठल्या टक्क्यात धरायचे, खडकीकर?

खडकीकर: तो मुद्दा मान्य. डिझाइनचा सोडत नाही.

भोसरी_लेथ: डिझाइन आपलं असेल तर एक फायदा होईल. ड्रॉइंगमध्ये शंका आली की परदेशी ईमेलच्या उत्तराची वाट बघायला नको, स्कूटर काढून खडकीला, किर्लोस्करांकडेच जाता येईल.