फुटबॉल क्लबांवर सरकारी नियामक: इंग्लंडनं केलं ते बरोबर की चूक?

लँकेशायरकर

२७ ऑगस्ट २०१९, मंगळवार. मी तेव्हा मँचेस्टरच्या उत्तरेला बरी नावाच्या गावात भाड्यानं राहत होतो. गिग लेन स्टेडियमपाशी पाहिलं तर माणसं झाडू, बादल्या, फडकी घेऊन आत चालली होती. सत्तरीच्या आज्या होत्या, शाळेची सुट्टी असलेली पोरं होती. क्लब विकत घ्यायला कुणीतरी तयार झालंय, पुढचा सामना घरच्या मैदानावर होणार, अशी आशा होती. म्हणून लोक आपणहून खुर्च्या पुसायला आले होते. दुपारी खरेदीदारानं माघार घेतली. रात्री स्पर्धा चालवणाऱ्या लीगनं बरी एफसी या क्लबाला स्पर्धेतून काढून टाकलं.

१८८५ सालचा क्लब. १९०० आणि १९०३ असा दोनदा एफए कप जिंकलेला. आदल्या डिसेंबरात तो एका पौंडाला विकला गेला होता, आणि नव्या मालकाकडे क्लब चालवायला पैसे आहेत याचा पुरावा लीगच्या हाती यायच्या आतच व्यवहार उरकला होता. क्लब बुडू नये म्हणून एका माजी संचालिकेनं स्वतःला स्टेडियमच्या पाइपाला जखडून घेतलं होतं. एवढी हतबलता मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

हे आज लिहिण्याचं कारण म्हणजे तिथला नवा कायदा. २०२१ च्या एप्रिलमध्ये सहा बड्या इंग्लिश क्लबांनी युरोपियन सुपर लीग या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेचा घाट घातला, चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत तो मोडला. त्यानंतर खासदार ट्रेसी क्राउच यांच्या समितीनं स्वतंत्र नियामकाची शिफारस केली. जुलै २०२५ मध्ये कायदा झाला. वरच्या पाच स्तरांतल्या ११६ क्लबांना आता परवाना लागेल. मालकाचा पैसा कुठून येतो ते तपासलं जाईल. मैदान विकायचं, क्लबचं चिन्ह किंवा घरचे रंग बदलायचे तर मनाला येईल तसं करता येणार नाही. सुपर लीगसारख्या फुटीर स्पर्धेत जायला बंदी.

माझं मत: हे फार आधी व्हायला हवं होतं. तिथं फुटबॉल ज्या मंत्रालयाकडे आहे त्याच्याकडेच बीबीसी, संग्रहालयं आणि नाट्यगृहं आहेत. मला ते योग्य वाटतं. दुकान बंद पडलं तर माणूस शेजारच्या दुकानात जातो. बरीचा माणूस बोल्टनच्या संघाला टाळ्या वाजवायला जात नाही.

हिशोबनीस

दुःख समजलं, औषध पटलं नाही.

पहिली गोष्ट, प्रीमियर लीग १९९२ साली सुरू झाली आणि सरकारच्या बोटाला न धरता जगातली सर्वांत जास्त पाहिली जाणारी लीग झाली. जे चालतंय त्यात हात घालताना दहा वेळा विचार करावा. नियामकाचा खर्च क्लबांकडून शुल्क घेऊनच भागवायचा आहे. तो शेवटी कुणाच्या खिशातून जाणार? तिकीट काढणाऱ्याच्याच.

दुसरी, आणि माझ्या दृष्टीनं मोठी. सप्टेंबर २०२४ मध्ये युएफा या युरोपातल्या फुटबॉलच्या शिखर संस्थेनं ब्रिटिश सरकारला पत्र पाठवून बजावलं होतं की सरकारी हस्तक्षेप झाला तर इंग्लंडच्या युरो स्पर्धेतल्या सहभागावरच प्रश्न येईल. याला पोकळ धमकी समजू नका. आपल्याकडे काय झालं ते आठवा. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेली प्रशासक समिती अखिल भारतीय फुटबॉल महासंघ चालवत होती. फिफानं ऑगस्ट २०२२ मध्ये महासंघच निलंबित केला. अकरा दिवसांत निलंबन उठलं म्हणून निभावलं, नाहीतर सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक नवी मुंबई, मडगाव आणि भुवनेश्वरच्या हातून गेला असता. त्या मुलींचा काय दोष होता?

निळे_पांढरे

मी मूळचा पुण्याचा, गेली बारा वर्षं ब्लॅकबर्नमध्ये. धागा वाचून राहवलं नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १९९५ चा प्रीमियर लीग विजेता. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज या कोंबड्यांच्या धंद्यातल्या कंपनीनं तो घेतला. महिन्याभरात व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना काढलं, मे २०१२ मध्ये संघ खाली घसरला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली होती. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या स्तरावर गेला, वर्षभरात परतला.

इथं नवीन माणसाशी ओळख झाली आणि मी 'पुणे' म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो. मग विचारतो, "ते लोक इकडे येत का नाहीत?" पैसा का टाकत नाहीत, असं सहसा कुणी विचारत नाही, कारण मालकांनी वर्षानुवर्षं तोटा भरून काढलाय. तो पैसा थांबला असता तर क्लबची गत बरी एफसीसारखी झाली असती, हे इथले जुने चाहतेसुद्धा मान्य करतात.

म्हणून लँकेशायरकर, मला एक सांगा. हा नियामक २०१० साली असता तर त्यानं काय केलं असतं? मालकाकडे पैसा होता, तोही स्वतःच्या चालत्या धंद्यातला. परवाना मिळालाच असता. वाईट निर्णय घेणं हा गुन्हा नाही. फक्त एका कलमाचा आम्हाला उपयोग झाला असता: चाहत्यांशी नियमित बोलणं आता परवान्याची अट आहे. आमची एवढीच तहान होती. कुणीतरी समोर बसावं, आम्ही विचारावं, त्यानं उत्तर द्यावं.

पडद्यामागे

मी नाटकवाला आहे, फुटबॉल फारसा कळत नाही. पण सरकारी देखरेख म्हणजे काय हे आम्हाला कळतं. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. इतक्या वर्षांत सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली, ते कलम कुणालाही काढावंसं वाटलं नाही. आलेला अधिकार कुणी परत देत नाही.

आणि ब्रिटनचे गोडवे गाताना जरा जपून. तिथल्या आर्ट्स कौन्सिलचा १९४६ पासून गाजलेला नियम असा की सरकारनं पैसे द्यायचे, पण कुणाला किती ते कौन्सिलनं ठरवायचं. मंत्री हातभर लांब. मग २०२२ मध्ये तत्कालीन मंत्र्यांनी पैसा लंडनबाहेर वळवा म्हणून सांगितलं आणि इंग्लिश नॅशनल ऑपेराचं नियमित अनुदान थांबलं. गाव सोडा, मग पैसे, अशी अट. शेवटी त्यांना मँचेस्टर निवडावं लागलं. वादकांचे, कोरसवाल्यांचे करार कमी झाले. नोटेशनच्या एका ओळीलाही कुणी हात लावला नाही, पण ती वाजवणारी माणसं कमी झाली.

बीबीसीचंही तेच. अध्यक्ष सरकार नेमतं. रिचर्ड शार्प यांनी एप्रिल २०२३ मध्ये राजीनामा दिला, कारण बोरिस जॉन्सन पंतप्रधान असताना त्यांच्या कर्जाच्या व्यवहारात आपण ओळख करून दिली होती ही गोष्ट नेमणुकीच्या वेळी त्यांनी पुरेशी उघड केली नव्हती. आता तुमच्या फुटबॉल नियामकाचे अध्यक्ष डेव्हिड कोगन पाहा. मंत्री लिसा नँडी यांच्या २०२० च्या पक्षनेतेपदाच्या प्रचाराला त्यांनी देणगी दिली होती. ती वेळेवर जाहीर न केल्यामुळे नँडींनी नेमणुकांचे नियम मोडले, असा निष्कर्ष सार्वजनिक नेमणुकांच्या आयुक्तांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला. नँडींनी माफी मागितली. पण पहिल्याच नेमणुकीत ही गत? संस्थेची शाई वाळायच्या आत?

लँकेशायरकर

@पडद्यामागे, कोगन प्रकरणावर माझ्याकडे बचाव नाही. ते वाचून मलाही वाईट वाटलं. माणूस कामात वाकबगार आहे, प्रीमियर लीगच्या प्रक्षेपण हक्कांच्या वाटाघाटी त्यांनी केलेल्या आहेत. पण त्या कौशल्यानं नियम मोडल्याची भरपाई होत नाही.

ऑपेराचं उदाहरण मात्र इथं लागू नाही. आर्ट्स कौन्सिल अनुदान देते, म्हणून ती नाक दाबू शकते. हा नियामक क्लबांना एक पेनीही देत नाही. तो वह्या तपासतो. कुणाला खेळवायचं, प्रशिक्षक कोण, तिकीट किती, हे त्याला ठरवता येत नाही. शिवाय मसुद्यात आधी असं कलम होतं की मालक तपासताना नियामकानं सरकारचं परराष्ट्र धोरण लक्षात घ्यावं. न्यूकॅसलचे मालक सौदी सरकारचा निधी आहेत, म्हणजे याचा अर्थ काय झाला असता ते समजून घ्या. ते कलम ऑक्टोबर २०२४ च्या नव्या मसुद्यात वगळलं. युएफाची एक मोठी हरकत तिथंच दूर झाली.

@निळे_पांढरे, खरंय. वाईट निर्णयांपासून कायदा वाचवू शकत नाही. बुडण्यापासून वाचवू शकतो, तोही वेळेत जाग आली तर.

पेठकरी

कोल्हापुरातून. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, प्रॅक्टिस. संघ तालमीचा. तालीम पेठेची. सामना असला की दुपारपासून गल्ली मोकळी होते आणि बाहेरगावी नोकरीला असलेला माणूस फोनवर स्कोअर विचारत बसतो. आता मला सांगा, दिलबहार एक रुपयाला विकत घेईल असा माणूस येणार कुठून? विकणार कोण? कागदावर मालकच नाही.

याउलट मुंबईचा महिंद्र युनायटेड बघा. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ. कंपनीनं ठरवलं आणि २००९-१० च्या हंगामानंतर तो बंद. झाडू घेऊन कोण गेलं? कुणीच नाही, कारण तो संघ कुठल्याच पेठेचा नव्हता. कंपनीचा होता. पैसा तिचा, निर्णय तिचा.

जर्मनीत क्लबच्या मतांत सभासदांचा वाटा निम्म्याहून जास्त असला पाहिजे असा नियम आहे, एक-दोन अपवाद सोडले तर. नियामक ठेवा, पण मालकीला हात लावल्याशिवाय त्याचा उपयोग अर्धाच. आधी मालक बेफाम होऊ द्यायचा आणि मग त्याच्यामागं सरकारी माणूस लावायचा, हा उलटा कारभार झाला.

हिशोबनीस

पेठकरी, तालमीचं प्रेम मान्य, पण तालमीला दर आठवड्याला लाखो पौंडांचे पगार द्यायचे नसतात. सभासदांच्या वर्गणीवर मँचेस्टर सिटी उभं राहत नाही. आणि मालकी सक्तीनं काढून घ्यायची तर नुकसानभरपाई कोण देणार?

लँकेशायरकरांचा वह्या तपासण्याचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. शेफील्ड वेन्सडेचं उदाहरण ताजं आहे. २०२५ मध्ये खेळाडूंचे पगार महिन्यामागून महिने रखडले, ऑक्टोबरात क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला, १२ गुण कापले गेले. तोवर कायदा झाला होता, पण परवान्याची यंत्रणा उभी राहिली नव्हती. लीगच्या स्वतःच्या नियमांनी ते वेळेत थांबलं नाही हे उघड आहे. तेव्हा पैशाच्या तपासणीपुरता माझा विरोध मागे. पाचव्या स्तरावरच्या क्लबांची काळजी मात्र अजून वाटते. तिथं हिशेब ठेवणारी व्यक्ती बहुधा निवृत्त कारकून असते, पगाराशिवाय. तिच्यापुढं प्रीमियर लीगच्या वकिलांसाठी लिहिलेले फॉर्म ठेवू नका.

लँकेशायरकर

फॉर्मबद्दल शंभर टक्के सहमत. क्लबाच्या आकारानुसार अटी कमी-जास्त ठेवायचं तत्त्व कायद्यात आहे, प्रत्यक्षात पाळलं जातं का ते बघायचं.

पेठकरी, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. बरीच्या चाहत्यांनी गिग लेन परत मिळवलं, दोन गट एकत्र आले, आणि २०२३ मध्ये त्या गवतावर पुन्हा सामना झाला. खूप खालच्या स्तरावर. क्लब आता चाहत्यांच्या हातात आहे. पण मधली चार वर्षं गेली. ज्या पोरांना मी बादल्या घेऊन जाताना पाहिलं, ती तोवर मिसरूड फुटलेली झाली.

नेमणुकीचं काय करायचं यावर माझं म्हणणं: अध्यक्ष मंत्र्यानं एकट्यानं नेमू नये, संसदेच्या समितीसमोर सुनावणी व्हावी.

पडद्यामागे

सुनावणी झाली होती हो! मे २०२५ मध्ये कोगन समितीसमोर बसले, देणगीची गोष्ट त्यांनी स्वतःच तिथं सांगितली, तरी समितीनं पसंती दिली. आणि समितीनं नाही म्हटलं असतं तरी तो नुसता सल्ला ठरला असता. मंत्र्यानं तो ऐकलाच पाहिजे असं बंधन नाही.

समितीचा नकार बंधनकारक करा. बीबीसीच्या अध्यक्षांसाठी, आर्ट्स कौन्सिलसाठी, फुटबॉलसाठी, तिन्हीकडे तोच नियम. एवढं एक कलम आलं की मी माझा विरोध मागे घेईन आणि तुमच्याबरोबर गिग लेनला सामना बघायलाही येईन.